राणी मेरनेइथ व पंडितांचा न्याय

एकच थडगें आज राजाचें असतें व उद्यां राजाचें नसतें, हा चमत्कार ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनीं इजिप्तच्या पहिल्या राजवंशाकडे वळावें.

सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या राजांचें स्मशान अबायडॉस येथें आहे. तेथें फ्लिंडर्स पेट्री यांनीं १९०० च्या सुमारास विटांनीं बांधलेलें एक मोठें थडगें उकरलें. भोंवतीं परिवारजनांचीं सुमारें चाळीस लहान थडगीं, आणि 'मेरनेइथ' हें नांव कोरलेली उभी शिळा. पेट्रींनीं ह्या मेरनेइथाला राजांच्या मालिकेंत बसविलें. थाट पाहतां दुसरें तें काय करणार? पुढें हें नांव स्त्रीचें आहे असें ध्यानांत आलें, आणि राजाची राजमाता झाली. थडग्याची मात्र एक वीटहि हलली नव्हती!

"शिळेवर होरसचा ससाणा, म्हणजे राजचिन्ह, नाहीं," असें आतां आम्हांस सांगण्यांत येतें. मान्य. पण ती शिळा पेट्रींच्याहि डोळ्यांपुढें होती. मेरनेइथ पुरुष समजला जात होता तोंवर ह्या ससाण्यावांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देन राजाच्या थडग्यांत १९८५ सालीं मुद्रेचा ठसा मिळाला. त्यांत नार्मेर, आहा, जेर, जेत व देन हे राजे, आणि मेरनेइथ मात्र 'राजमाता'. पदवी राजमातेची, हें मी नाकारीत नाहीं. परंतु राजांच्या त्या यादींत दुसरी एकहि माता नाहीं. मग हिलाच जागा कां? पुत्र अल्पवयी असतां राज्यशकट हिनें हांकला, हें तर आमचे पंडितहि कबूल करतात. मग 'केवळ राजमाता' यांतील 'केवळ' कोणाच्या पदरचा? त्याच वंशांतील का-आ राजाच्या मुद्रेंतून तर तिचें नांवच गळालें. विसरण्याची ही चाल पंडितांहून पुष्कळ जुनी दिसते.

२०२३ सालीं व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रिस्टियाना कोलर यांनीं तिच्या थडग्यांतील शेंकडों मद्यकुंभ जाहीर केले. कित्येकांचीं तोंडें अद्याप बंद होतीं. खजिन्यासारखीं खातीं तिच्याकडे असल्याचे लेखहि पुढें आले. लागलीच वृत्तपत्रांनीं तिला 'पहिली स्त्री फेरो' करून टाकलें. 'फेरो' हा शब्द राजाला लावूं लागले ते तिच्यानंतर सुमारें दीड हजार वर्षांनीं! तरीहि हा उतावळेपणा मला पंडितांच्या सावधगिरीपेक्षां क्षम्य वाटतो. निदान त्यांनीं थडग्यांत काय निघालें तें पाहून निवाडा दिला.