साडेअकराची होम डिलिव्हरी

बंटी गायब झाला त्याला आता तीन आठवडे झाले.

बंटी म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटवरचा ब्राऊन कुत्रा. कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. फ्रीलान्सिंगमुळे माझा दिवस रात्रीच संपतो. साडेअकराला काहीतरी ऑर्डर करायचं, अर्धं खायचं आणि उरलेलं खाली जाऊन बंटीला घालायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. चिकन बिर्याणी ही साहेबांची फेव्हरिट. (आई म्हणते, घरचं खात जा. पण तो वेगळ्या कॉलमचा विषय आहे.)

मग एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचं फुटेज आलं. पहाटेचे तीन. कचऱ्याच्या डब्यांपाशी झोपलेला बंटी, मागच्या भिंतीवर एक सावली, आणि मग... मी ते एकदाच पाहिलं.

आम्ही राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला. गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो, म्हणजेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. ब्रोकरने 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून भाड्यात दोन हजार जास्त लावले होते. फॉरेस्टलाही आमचा व्ह्यू असतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही!

ग्रुपवर अर्थातच हलकल्लोळ. 'पिंजरा लावा', 'पकडून लांब सोडून या', 'टॅक्स कशाला भरतो आपण?' रविवारी मीटिंग ठरली आणि 'तू पत्रकार आहेस ना, जरा माहिती काढ' म्हणत ते काम माझ्या गळ्यात पडलं.

'भरकटलेला बिबट्या' हा आम्हा पत्रकारांचा लाडका शब्द. मीही दोनदा वापरलाय. पण वाचत गेले तसं कळलं, की तो भरकटलेला वगैरे काही नसतो. तो हिशेब करून येतो.

म्हणजे बघा. कुठल्याही शिकारी प्राण्याचं गणित सरळ असतं: किती ताकद घालवली आणि किती पोटात गेलं. साधारण 10 ते 40 किलोंचं जनावर हे बिबट्याचं आवडतं माप. जंगलात या मापाचं चितळ आहे, पण चितळं कळपाने राहतात, म्हणजे कान पन्नास. वर झाडावर माकड खेकसलं की सगळं रान जागं. तासभर पोटावर सरकत जाऊन शेवटी हाती काही नाही, असं कित्येकदा होतं. या उलट आमचा बंटी. वजन मापात, शिंगं नाहीत, रोज त्याच जागी, पोट भरलेलं, गाढ झोपेत. तुम्ही बिबट्या असतात तर काय केलं असतंत?

बिबट्या काय खातो हे शोधण्याची पद्धत फार ग्लॅमरस नाही. त्याची विष्ठा गोळा करायची, त्यातले केस वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या प्राण्याचे ते ओळखायचं. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे केलं. ऊसशेतीचा भाग, जंगल जवळजवळ नाहीच. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने पाळीव आणि भटकी जनावरं 87 टक्के निघाली. त्यात एकटा कुत्राच 39 टक्के. आणि आपल्या उद्यानाबद्दल 2018 सालच्या एका शोधनिबंधाचा अंदाज असा, की इथले बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्रे खातात, आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या शेकडो घटना टळतात. हे मीटिंगमध्ये सांगायचं ठरवलं आणि लगेच मलाच कसंतरी झालं. बंटी कधी कुणाला चावला नव्हता हो.

आता पिंजरा. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावराला ना पाणी माहीत, ना लपायची जागा. बरं, ते तिथेच राहील याचीही खात्री नाही. 'आजोबा' सिनेमा पाहिलाय ना? तो खरा बिबट्या. 2009 मध्ये त्याला माळशेज घाटात सोडलं, तर गडी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट आपल्या उद्यानात आला!

पण ग्रुपवरच्या माणसांची भीती उगाच आहे, असं मी म्हणणार नाही. 2004 मध्ये याच उद्यानाच्या कडेला कितीतरी माणसं गेली. 2022 च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाची मुलगी गेली. कुत्र्याच्या मागे वस्तीत आलेल्या बिबट्याला अंधारात एकटं मूल किंवा उकिडवं बसलेलं माणूस दिसलं, तर तेही त्याच्या मापाचंच असतं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची मुलं रात्री दहापर्यंत खाली खेळतात. त्यांना मी कुठल्या तोंडाने टक्केवारी सांगू?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी येऊरच्या पाड्यावरच्या. त्यांच्याकडे वाघोबाला पुजतात. फुटेज दाखवलं तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, तो तुमच्याकडं नाही आला. बंटीकडं आला. आणि बंटी कुणाकडं यायचा?"

मी गप्प.

मीटिंग अडीच तास चालली. पिंजऱ्याचा ठराव दोन मतांनी पडला. कचऱ्याला झाकणाचे डबे, मागच्या भिंतीला लाईट, साडेसातनंतर मुलं वर. मागच्या चिकनवाल्याने पिसं-आतडी उघड्यावर टाकायची नाहीत, हे त्याला सांगणार कोण, यावर चाळीस मिनिटं. गेटवर कुत्र्यांना खाणं घालायचं नाही, यावर मी हात वर केला. सगळ्यात शेवटी, पण केला.

काल रात्री बिर्याणी घ्यायला खाली गेले. गेटपाशी एक नवीन कुत्रा बसला होता. काळा-पांढरा, एक कान तुटलेला. वॉचमनकाका म्हणाले, "दोन दिवसांपासून येतोय, मॅडम. बरोबर याच टायमाला."