लावणीने पेशवाई बुडवली नाही

उत्तर पेशवाईतली शृंगारिक लावणी हे समाजाच्या अधःपाताचे लक्षण होते आणि त्या विलासानेच १८१८ मध्ये राज्य घालवले, असा आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. त्याला आधार एवढाच, की दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द आणि लावणीचा बहर एकाच काळातले. राज्य गेले ते घराण्यातल्या दुहीने, शिंदे-होळकरांच्या वैराने आणि १८०२ च्या वसईच्या तहाने गळ्यात पडलेल्या तैनाती फौजेने. डफ-तुणतुण्याचा त्यात काडीचाही हात नव्हता.

विलासाने राज्य बुडते हा नियम खरा असता, तर जपानचे तोकुगावा शासन फार आधी कोसळले असते. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील योशिवारा ही परवानाप्राप्त रंगवस्ती १६१७ सालची. तिथल्या गणिका, काबुकीचे नट, चहाघरातल्या मुली हेच उकियो-ए या जपानी ठसेचित्रांचे मुख्य विषय. १७६५ च्या सुमारास चित्रकार हारुनोबूच्या हाती लाकडी ठशांची बहुरंगी छपाई सिद्ध झाली आणि दुकानदार-कारागिरांनाही परवडतील अशी चित्रे घरोघर गेली. त्यानंतरही हे शासन शंभर वर्षे टिकले. शासनालाही या चित्रांची धास्ती होतीच. १८४२ मध्ये त्याने नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी घातली. तरी १८६८ मध्ये ते संपलेच.

लावणीकडे बाजूला टाकण्याजोगा चाळा म्हणून पाहणाऱ्यांनी आधी शाहिरांकडे पाहावे. रामजोशी सोलापूरचे व्युत्पन्न ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. इतक्या जातींचे कवी एकाच रचनाप्रकारात, एकाच श्रोतृवर्गापुढे उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या मराठी नागर जीवनात सापडणे कठीण. होनाजीच्याच नावावर घरोघर म्हटली जाणारी भूपाळी आहे. शाहीर प्रभाकराने लावणीइतकेच समर्थ पोवाडे रचले. त्यांची भक्ती आणि वीररस उचलून शृंगार तेवढा नाकारणे हा कवीचा अर्धा देह कापण्याचा प्रकार आहे. स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई, तिची तक्रार, तिचा हट्ट, तिची वासना हे सारे बखरींत क्वचितच येते. लावणीत ते तिच्याच बोलीत येते, मग रचणारा पुरुष का असेना.

एक आक्षेप मात्र खराच आहे. योशिवारातल्या मुली कोवळ्या वयात कराराने विकल्या जात. पेशवाईतही कुणबिणी व बटकींची खरेदी-विक्री चाले. कलेच्या सौंदर्याने हा व्यवहार झाकता येत नाही. पण रचना नाकारल्याने त्या बायकांना न्याय मिळत नाही, उलट त्यांच्या उरल्यासुरल्या खुणाही पुसल्या जातात. उकियो-ए चित्रकार उतामारोच्या अनेक चित्रांवर गणिकांची नावे छापलेली आहेत. लावणीच्या शेवटच्या चरणात नाव येते ते शाहिराचे. ती गाऊन, नाचून लोकांपर्यंत नेणाऱ्या बहुतेक बायकांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत.