लडाखमधील घरांच्या उबेविषयी निवेदन

प्रति,
माननीय केंद्रीय ऊर्जामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : घासलेटाच्या बुखारीऐवजी (खोली तापविणाऱ्या शेगडीऐवजी) हीट पंप बसविण्याबाबत.

महोदय,

संविधानाच्या अनुच्छेद 350 ने आपले गाऱ्हाणे स्वभाषेत मांडण्याचा जो अधिकार दिला आहे, त्याचा आश्रय घेऊन आम्ही, सैन्यसेवेच्या निमित्ताने लेह येथे हिवाळे काढलेले महाराष्ट्रातील निवृत्त सेवक, ही दरखास्त सविनय सादर करीत आहोत. लडाखी बांधव आपली बाजू मांडण्यास पूर्ण समर्थ आहेत. आमची भूमिका केवळ साक्षीदाराची.

सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, झोजी-लाची वाट हिमाने अडते, आणि उन्हाळ्यात टँकरांनी घाट चढवून साठविलेले घासलेट दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीतील बुखारीत जळत राहते. तिच्या धुरातील विषारी वायू निजलेल्या माणसास जागे होण्याचीही सवड देत नाही, हे तेथे राहिलेल्यास सांगावे लागत नाही.

हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या थंड हवेत वा भूमीत असलेलीच ओढून घरात आणतो, आणि म्हणून एक युनिट विजेच्या मोबदल्यात दोन-तीन युनिट ऊब देतो. झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारे असे यंत्र 1938 मध्येच चालू झाले होते, आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये आज ते सर्रास आढळते. परंतु तेथील दाखला लेहला जसाच्या तसा लागू नाही. लेहची हवा समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश घनतेची, त्यामुळे हवेवर चालणाऱ्या यंत्राची शक्ती घटते. उलट ती कोरडी असल्याने बाहेरच्या नळ्यांवर बर्फ कमी साचतो. या जमाखर्चाचा हिशेब मैदानी प्रदेशातील प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावरून लागणार नाही.

सबब विनंती अशी की, अनुदानातून बसवावयाच्या प्रत्येक जातीच्या यंत्राची कसोटी लेह-कारगिल येथे एक अख्खा हिवाळा घेण्यात यावी, आणि तत्पूर्वी भिंती व छते ऊब धरणारी करण्यास अर्थसाहाय्य मंजूर व्हावे. गळक्या रांजणात पाणी ओतण्याचा उद्योग खजिन्यास परवडणारा नाही. निमू-बाझगो (45 मेगावॅट) व चुटक (44 मेगावॅट) ही जलविद्युत केंद्रे हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटताच मंदावतात, म्हणजे गरज सर्वाधिक तेव्हाच वीज तुटपुंजी. तेव्हा 2019 मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या श्रीनगर-लेह वीजवाहिनीस या यंत्रांचा भार कितपत पेलेल, याचा अहवाल जाहीर व्हावा, हिवाळी वीजदरात सवलत मिळावी, व दुरुस्तीचे शिक्षण स्थानिक तरुणांस द्यावे. जानेवारीत बंद पडलेले यंत्र दिल्लीहून येणाऱ्या कारागिराची वाट पाहू शकत नाही.

हे सर्व होईपर्यंत कोणाच्याही घरातील बुखारी काढण्याचा हुकूम निघू नये, ही आग्रहाची प्रार्थना.

कळावे,
आपले विश्वासू,
निवेदनकर्ते