आईसाठी पिल्लू आणण्यापूर्वी

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारसारख्या गावात बरीच घरे मळ्यात विखुरलेली असतात. मुले पुण्या-मुंबईला, घरी आई-वडील दोघेच. कधी आई एकटीच. मग दिवाळीला आलेला मुलगा एखादे पॉमेरेनियनचे पिल्लू घेऊन येतो. आईला सोबत होईल, हा त्यामागचा भाव. तो खोटा नाही. जीव लावायला कोणी असले की म्हातारपणी दिवसाला वेळापत्रक येते, बोलणे होते, हालचाल राहते. पण या भागात पिल्लू आणण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: रात्री ते भुंकले, तर दार कोण उघडणार?

जुन्नर वनविभागात बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्ले वाढवतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आणि १५ टक्के मांजरांचा निघाला. म्हणजे ओट्यावर बांधलेले छोटे कुत्रे हे बिबट्याला दिलेले आवतणच. कुत्रे गेल्याचे दुःख वेगळेच. त्याहून मोठी भीती ही, की त्याच्या आवाजाने सत्तरीतली आई बॅटरी घेऊन अंधारात बाहेर येते. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे दुखरे, आणि ती वाकून दोरी सोडू लागते.

घरातही धोके आहेतच. लाडाने पायात घुटमळणाऱ्या पिल्लाला अडखळून म्हातारी माणसे पडतात आणि खुब्याचे हाड मोडले की अंथरूण सुटत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. मधुमेह असेल तर तो चिघळतो.

म्हणून अवखळ पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचे, ओळखीच्या घरातले शांत मांजर बरे. त्याची नसबंदी झालेली असावी, रेबीजची लस दिलेली असावी. दिवस मावळण्याआधी ते घरात आणि दार बंद. हा नियम मोडायचा नाही. त्याच्यासाठी मातीची पाटी घरातच ठेवावी आणि ती कोण बदलणार हेही ठरवावे. घरात दमेकरी असेल तर मांजर नकोच. पोपट पिंजऱ्यात पाळणे तर कायद्यानेच गुन्हा आहे. आधीपासून कुत्रे असेल, तर रात्री ते घरात किंवा मजबूत बंद जाळीत असावे.

मांजर चावले किंवा बोचकारले, तरी रेबीजचा धोका असतो. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

सर्वांत आधी मात्र आईला विचारावे. जिने जन्मभर गाई-म्हशींचे शेण काढले, तिला आता आणखी एका जिवाची जबाबदारी नको असू शकते. ती नको म्हणाली, तर ते ऐकावे. तिला सोबत हवी आहे ती कदाचित मुलाचीच असेल. रोज संध्याकाळी एक फोन आणि महिन्यातून दोन मुक्काम, हेही औषधच आहे.