कोरफडीला माया बेताची

सीमाभागातल्या कितीतरी घरांत कुंडी एक आणि नावं दोन असतात: सासूबाईंची कोरफड, सूनबाईंची लोळेसर. दोघीही मायेनं पाणी घालतात आणि झाड मुळातून कुजतं! मी तर म्हणते, कोरफड तहानेनं क्वचितच मरते, मरते ती पाण्यानं. तिचा साठा पानांतच असतो. शिवाय पानांवरची सूक्ष्म छिद्रं ती दिवसा मिटते, रात्री उघडते. त्यामुळे उन्हात पाणी फारसं उडून जात नाही.

म्हणून कुंडी मातीची, तळाला भोक असलेली घ्यावी. मी निम्मी माती, निम्मी जाड वाळू घालते. बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच पाणी देते. बेळगावच्या पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली न ठेवता पडवीत, उजेडाला घ्यावी. बाजूची पिल्लं काढली, की दोन दिवस सावलीत सुकवून मगच लावावीत.

आणखी एक. पान कापल्यावर निघणाऱ्या पिवळ्या चिकानं जुलाब होतात. पान उभं ठेवून तो निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा. गरोदर लेकीसुनांना आणि लहान मुलांना कोरफड पोटात देऊच नये. औषध घरचं असलं, तरी बेतानंच बरं.