चिखलातली चौकशी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. अशा पुरानंतर घरात काय उरते हे कोकणाला, आणि २०१९ पासून सांगली-कोल्हापूरलाही, चांगले ठाऊक आहे. पासबुक भिजलेले, चेकबुकाचा लगदा झालेला, मोबाइल शेजारच्या आळीत चार्जिंगला लावलेला. ज्याने घराचा विमा उतरवला आहे त्याचा दावा याच अवस्थेत नोंदवला जातो, सर्वेक्षक पाहणी करून जातो, आणि मग कंपनीचा, एजंटाचा किंवा त्यांच्या नावाने बोलणाऱ्या कोणाचा तरी निरोप येतो, की भरपाई जमा करायची आहे, बँकेचा तपशील पाठवा. आमचे म्हणणे असे, की हा निरोप त्या वेळी यायलाच नको. विमेदाराच्या खात्याचा तपशील पॉलिसी काढतानाच घ्यावा, तपासून ठेवावा आणि दाव्याच्या वेळी कंपनीने त्याची फक्त खातरजमा करावी. घर वाहून गेलेल्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा करायची आणि व्यवस्था मात्र ढिली ठेवायची, हे न्यायाचे नाही.

मुळात भरपाई खात्यात येण्यासाठी फार थोडे लागते. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी आणि पुरावा म्हणून रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचे पहिले पान. चेकवर दोन रेघा मारून ‘कॅन्सल्ड’ लिहायचे, सही करायची नाही. पासबुकातील व्यवहारांची पाने भरपाई जमा करण्यासाठी लागत नाहीत. डेबिट कार्डाचा क्रमांक, त्याच्या पाठीवरचे तीन आकडे, ओटीपी, नेटबँकिंगचा पासवर्ड, यूपीआय पिन यांपैकी काहीही पैसे स्वीकारण्यासाठी लागत नाही; या सगळ्या गोष्टी खात्यातून पैसे बाहेर काढण्याच्या आहेत. सर्वेक्षकाचे शुल्कही विमा कंपनीच देते. म्हणून ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ आधी काही रक्कम भरा, असे सांगणारा माणूस सर्वेक्षक नसतो, कंपनीचाही नसतो. हा फरक शहाण्यासुरत्या माणसालाही अडचणीच्या दिवशी आठवत नाही, आणि फसवणूक करणारा नेमका तोच दिवस गाठतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खाते क्रमांक हे काही गुपित नव्हे. तो प्रत्येक चेकवर छापलेला असतो, घरमालकाला, शाळेला, किराणा दुकानदाराला आपण तो सहज देतो. नुसत्या क्रमांकावरून कोणी पैसे काढू शकत नाही. हे खरे आहे. पण त्या क्रमांकाशेजारी पॉलिसी क्रमांक, घराचा पत्ता, नुकसानीचा तपशील आणि मोबाइल नंबर आला, की चित्र बदलते. मग फोन करणारा म्हणतो, “तुमच्या स्वयंपाकघराची भिंत खचली आहे ना, अमुक बँकेत खाते आहे ना, फक्त आलेला कोड सांगा.” एवढे सगळे बरोबर सांगणाऱ्यावर कोण अविश्वास दाखवेल? २०२४ साली देशातील एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती आणि दाव्यांची कागदपत्रे टेलिग्रामवरील चॅटबॉटमधून मिळत असल्याचे उघड झाले. तेव्हा माहिती फक्त ग्राहकाच्या निष्काळजीपणातून बाहेर जाते, हा समज सोडून दिलेला बरा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला चेकचा फोटो एजंटाच्या फोनमध्ये, त्याच्या गॅलरीत, कधी कार्यालयाच्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि तो पुसण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

त्यात आणखी एक धोका आहे, त्याची चर्चा कमी होते. एनईएफटीने पाठवलेली रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नाही. खराब नेटवर्कवर फोनवरून सांगितलेला एक आकडा चुकला, तर भरपाई भलत्याच्या खात्यात जाऊ शकते, आणि ती परत मिळवताना विमेदाराची पुरती दमछाक होते. रिझर्व्ह बँकेने आता पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी बँकांना द्यायला लावली आहे. त्यासाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. खात्यात एक रुपया टाकून नाव तपासण्याची पद्धत त्याहून जुनी. म्हणजे साधने आहेत. ती पॉलिसी विकतानाच वापरली, तर पुराच्या दिवशी कोणाला आकडे वाचून दाखवावे लागणार नाहीत.

विमा नियामकाच्या २०२४ च्या विनियमांनी प्रस्तावाच्या टप्प्यावरच बँक खात्याचा तपशील घेण्याची दिशा दाखवली आहे. ती अपुरी आहे, कारण आधी घेतलेला तपशील असताना दाव्याच्या वेळी तो पुन्हा मागू नये, असा स्पष्ट दंडक हवा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात. तीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. अटी एकसारख्या करता येतात, तर पैसे देण्याची रीतही एकसारखी करता येईल.

खाती बदलतात, बँका विलीन होतात, असे कंपन्या म्हणतील. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली. असे झाले की जुने तपशील पुन्हा तपासावे लागतात. कर्जावर घेतलेल्या घराची भरपाई बँकेकडे जाऊ शकते, सोसायटीच्या पॉलिसीची सोसायटीच्या खात्यात जाते, आणि विमेदाराचे निधन झाले असेल तर वारसांचा प्रश्न येतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या प्रत्येक दाव्यात नसतात, आणि ज्या दाव्यात असतात तिथे बदल शाखेत समोरासमोर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून व्हावा, जुन्या नोंदलेल्या मोबाइलवर त्याची सूचना जावी आणि मगच रक्कम सुटावी. यात दोन दिवस जास्त गेले तरी चालेल. चुकीच्या खात्यात गेलेली भरपाई परत यायला महिने लागतात.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मग उरतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते, की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीच भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच गोपनीय तपशील दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कागदावर ही विभागणी बरोबर दिसते. मात्र कंपनीकडूनच फुटलेल्या माहितीच्या बळावर ग्राहकाला फसवले गेले, तर दोष एकट्या ग्राहकाचा कसा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यावर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारजमा होतो. पुरात घर गमावलेल्याच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही. इथे विमा नियामकाने पुढे येऊन दाव्याच्या माहितीचा माग ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक करावे, म्हणजे विमा लोकपालासमोर निदान कोणाच्या हातून ती सुटली हे दाखवता येईल.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात फोन केल्याने पैसे वाटेत थांबण्याची शक्यता वाढते, आणि हे प्रत्येक दावा अर्जावर ठळक छापलेले असायला हवे. त्याआधीचे काम मात्र कंपन्यांचे आहे. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक घर-विमेदाराला त्याच्या नोंदलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे कळवून दुरुस्ती असल्यास मागवून घ्यावी, म्हणजे वाशिष्ठी, कृष्णा किंवा पंचगंगा पात्राबाहेर येण्याआधी ती नोंद पक्की झालेली असेल.