आधी जाळी, मग पिल्लं



पिल्लांसाठी रोज फोन येतात. गिरिराज आहे का, कावेरी कधी येणार? जाळी कुठली घेऊ, असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज माझं मत स्पष्ट लिहिते.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच घरी एका रात्रीत ९ कोंबड्या गेल्या. अंडी विकून आईचा आठवड्याचा किराणा भागायचा. खुराड्याला जाळी होती, पण दाराला कडीऐवजी सुतळी. मोकाट कुत्र्यांनी दार ढकललं. मी गावोगाव सल्ला देते आणि घरचं दार बघितलं नाही, ही चूक माझीच.

शत्रू कोण ते आधी ओळखा. मुंगूस आणि घार दिवसा येतात. रानमांजर, उदमांजर, कोल्हा बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. म्हणजे नुसतं रात्री कोंडून भागत नाही. लहान पिल्लं दिवसाही डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या जागेतच ठेवा.

खुराड्याचं काम असं करा:

१) षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालचे २-३ फूट अर्धा इंची वेल्डमेश लावा.
२) जाळी जमिनीत १ फूट पुरा. खडक लागला तर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरा आणि वर दगड रचा.
३) वरची बाजू उघडी नको. उदमांजर सहज चढतं.
४) दाराला लोखंडी कडी हवीच. दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्या.
५) सांडलेलं खाद्य रात्री ठेवू नका. त्यावर उंदीर येतात, उंदरामागे साप.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडू नका, अंधारात आपलंच माणूस त्याला चिकटेल. आणि विष घातलेलं मटण टाकू नका, त्यानं आपलंच कुत्रं मरतं. मुंगूस, रानमांजर यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, त्यांना मारणं गुन्हा आहे. शिवाय शेतातले उंदीर तेच खातात.

"मॅडम, जाळीला पैसे नाहीत," असं ऐकते. खरंही असतं. मग २० ऐवजी १० पिल्लं घ्या आणि उरलेल्या पैशांची जाळी आणा. वर्षभरात किती कोंबड्या प्राण्यांनी नेल्या ते कागदावर लिहा, तुमच्या बाजारच्या भावानं गुणा, आणि तो आकडा जाळीच्या किमतीशेजारी ठेवा. मग तुम्हीच ठरवा.

यापुढे पिल्लांची मागणी घेताना मी आधी खुराड्याचा फोटो मागणार आहे. राग मानू नका. पिल्लं विकली की आमचं काम संपतं, असं मला वाटत नाही.

आपली,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी